राजवाड्यातला कोरडा मुरलीधर

गंगनाथ महाराज त्या वर्षी तांबुळवाडीस मुक्कामाला होते. वय झालेले, पायांना सूज, तरी लोकांची रीघ काही थांबेना. तिथल्या राजेसाहेबांनी वाड्यात घराण्यापुरते खासगी देवघर बांधले होते. कारागीर थेट परदेशातून आणलेले! भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी, छतावर पंखवाली गुबगुबीत पोरे, आणि त्या सगळ्या थाटात आपला मुरलीधर बिचारा एकटा उभा. घराण्याबाहेरचे म्हणाल तर पुजारी आणि कारभारी, एवढेच आत जात.

तानूबाई कोळीण तीस वर्षे नदीवरून अभिषेकाचे पाणी आणी. घागर उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मागे फिरायचे. देव तिने एकदाही पाहिला नव्हता. गोकुळअष्टमीच्या सकाळी घागर पोचवायला निघालेली ती महाराजांपाशी मटकन बसली.

"महाराज, गुडघे संपले. ही शेवटची घागर. एकदा देव बघितला असता, म्हणजे सुटले असते."

महाराज काठी टेकत तिच्याबरोबर वाड्यावर गेले. कारभारी त्रिंबकराव मोठे तोऱ्याचे. पाणी वाहणाऱ्याने पाणी वाहावे, आज हिला दर्शन दिले तर उद्या अभिषेकही करू मागेल, असे म्हणून ते हसले. महाराज तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिले.

घागर आत गेली, अभिषेक सुरू झाला. पुजाऱ्याने तांब्या ओतला, मूर्ती कोरडी! दुसरा ओतला, तरी कोरडीच. बाहेर मात्र तानूबाईच्या केसांतून पाणी निथळू लागले. त्रिंबकरावांना पुजाऱ्याचाच राग आला. त्यांनी स्वतः घागर उचलून देवावर उपडी केली. आत थेंब पडला नाही, आणि बाहेर म्हातारी नखशिखांत भिजली. काय म्हणावे देवाला! रिकामी घागर घेऊन त्रिंबकराव बाहेर आले, तर म्हातारी पायरीवर निथळत बसलेली.

महाराज थकल्या आवाजात म्हणाले, "त्रिंबकराव, तीस वर्षे ती देवाला न्हाऊ घालते आहे. आज देवाने तिला न्हाऊ घातले. आता तरी वाट द्या."

त्रिंबकरावांचा ताठा कुठल्या कुठे गेला. ते महाराजांच्या पायांशी वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले आणि तानूबाईकडे बोट दाखवले. कारभाऱ्यांनी तिच्या ओल्या पावलांवर डोके ठेवले. "आई, आत चला," ते म्हणाले.

"येते, रावसाहेब," तानूबाई म्हणाली. "पण जरा बसू द्या. लई दमलेय."

ती उठेपर्यंत पूजा थांबली. त्रिंबकराव मान खाली घालून दार धरून उभे राहिले. त्या देवघराला पुढे कुणी कडी घातली नाही.