सगुणा परटिणीच्या तीनशे चुका

"पंधरा दिवसांत आम्हाला साहेबाचं घरगुती इंग्रजी आलंच पाहिजे!" निंबसरच्या चंद्रसेन महाराजांनी भर दरबारात फर्मावलं. "ज्याला शिकवायला सांगू त्याला ते जमलं नाही, तर त्यानं घरदार सोडून नदीपलीकडे चालतं व्हावं!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कारण निंबसरच्या गादीचा एक जुना दंडक होता: जो महाराजांची चूक दाखवील, त्यालाही नदीपलीकडे धाडायचं. आता चूक न दाखवता शिकवायचं कसं? दाखवली तर हद्दपार, न दाखवली तर महाराजांना इंग्रजी येत नाही म्हणून हद्दपार!

महाराज चिडले होते त्याला कारणही तसंच होतं. त्यांना इंग्रजी शिकवलं होतं विसोबा अर्जनविसांनी. या गृहस्थांचा सारा जन्म कचेरीच्या ओट्यावर लोकांचे इंग्रजी अर्ज लिहिण्यात गेला होता. येत होतं तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे शिकवलं. गेल्या महिन्यात छावणीतला मोठा साहेब मडमेला घेऊन जेवायला आला, तेव्हा महाराजांना हवं होतं नुसतं मीठ. ते उठले, हात जोडले आणि अस्खलित इंग्रजीत म्हणाले, "मेहेरबान साहेबांच्या चरणी सविनय अर्ज, की समोरील मीठ अर्जदाराकडे सरकवण्याचा हुकूम व्हावा. अर्जदार मुलाबाळांसह आपला जन्माचा ऋणी राहील!"

मडमेनं तोंडाला रुमाल लावला. साहेबाला ठसका लागला. तो ठसका नव्हता, हे महाराजांच्याही लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी विसोबा पडशी खांद्यावर टाकून नदी ओलांडून गेले. आणि आता साहेब पुन्हा जेवायला येणार होता!

दिवाण त्र्यंबकराव पुढे झाले. "सरकार, ती सगुणा परटीण दहा वर्षं छावणीतले कपडे धुते. मडमांशी रोज भांडते, तेही इंग्रजीत!"

दिवाणांच्या पोटात वेगळंच होतं. अंगरख्याला खळ फार झाली म्हणून ते घाटावर जाऊन ओरडले होते, तेव्हा सगुणेनं चारचौघांत सुनावलं होतं, "अंगरखा नरमच हाय दिवाणसायेब, ताठा आतल्या माणसाचा हाय!"

सगुणेला बोलावणं गेलं. घरी म्हातारी सासू, एक गाढव आणि घाटावरचा धुण्याचा दगड, एवढाच तिचा संसार. दोन्ही अटी ऐकून तिला आधी सासू आठवली. म्हातारीला घेऊन नदीपलीकडे जायचं कुठं? पण बाई खमकी. पदर खोचून म्हणाली, "शिकवते म्हाराज. पण आमच्या धंद्याची रीत पाळावी लागंल."

"कसली रीत?"

"आम्ही धुणं आणून टाकतो. मालक एकेक कापड उलगडून बघतो. डाग दिसला की आमच्या अंगावर फेकतो. आम्ही म्हणतो, 'चुकलं माझं', अन् परत धुऊन आणतो. डाग पाडला कुणी, ते इचारायचं न्हाई. डाग नेहमी परटाचाच!"

दुसऱ्याच्या अंगावर फेकायचं म्हटल्यावर महाराजांना रीत एकदम पसंत पडली.

शिकवणी भर दरबारात सुरू झाली. दिवाण रोज समोर टपून बसले. सगुणा एकच गोष्ट दोन तऱ्हांनी बोलायची. आधी विसोबांचा तो मिठाचा अर्ज, मग छावणीतल्या साहेबासारखं ऐटीत, "पास द सॉल्ट, ओल्ड चॅप!" म्हणजे, मीठ सरकव रे दोस्ता!

"पहिलं डागाळलेलं!" महाराज ओरडले. "घेऊन जा ते!"

"चुकलं माझं, म्हाराज!"

इंग्रजीत दुसऱ्याची चूक पकडण्याचं सुख महाराजांना जन्मात पहिल्यांदाच मिळालं! खुशीत येऊन ते स्वतःच गरजले, "पास द ओल्ड चॅप, सॉल्ट!"

दिवाण पुढे सरसावले. सगुणेनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, माझ्याकडनंच डाग ऱ्हायला! चुकलं माझं. थांबा, धुऊन देते." तिनं वाक्य पुन्हा म्हटलं, महाराजांनी बरोबर उचललं, आणि चूक सगुणेच्या पदरात पडली.

"साहेबानं 'कसे आहात' इचारलं, तर म्हणायचं, 'राइट अ‍ॅज रेन!' म्हंजी ठणठणीत," एके दिवशी ती म्हणाली.

"ठणठणीत असण्यात पाऊस कुठून आला?" महाराजांनी हटकलं.

"दरबारी मंडळी आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत्यात, तवा झाड कुठनं येतं म्हाराज?"

महाराजांनी एकवार सगळ्या दरबाऱ्यांकडे पाहिलं आणि ते हसत सुटले. पुढचे दिवस भराभर गेले.

साहेब आला. "हाऊ आर यू, महाराजा?"

"राइट अ‍ॅज रेन, ओल्ड चॅप!"

साहेबाचे डोळे विस्फारले. जेवताना मडमेच्या हातून सार सांडलं, ती ओशाळली. महाराज सहज म्हणाले, "नेव्हर माइंड!" मग काय, दोघं पुरुष जुन्या दोस्तांसारखे खिदळत बसले. निघताना साहेबानं महाराजांच्या पाठीवर थाप मारली.

दिवाणांचा तिळपापड झाला. साहेबाची बग्गी वळताच ते दरबारात उभे राहिले. "सरकार, दंडक मोडला! आपलं बोलणं चुकलं, की ही बाई आपल्या तोंडावर ते बदलून द्यायची. मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा नाही, तीनशे वेळा!"

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "खरं का हे, सगुणा?"

"चुका तीनशे झाल्या, म्हाराज. पण समद्या माझ्या! दर खेपेला 'चुकलं माझं' म्हनलंय, सारा दरबार साक्षीला हाय." ती दिवाणांकडे वळली. "दिवाणसायेब म्हनत्यात त्या म्हाराजांच्या. मग भर दरबारात म्हाराजांच्या तीनशे चुका दाखवल्या कुणी?"

महाराज आधी गालात हसले, मग खदखदून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "त्र्यंबकराव, नदीला सध्या पाणी किती आहे हो?"

"स... सरकार, माफी असावी!"

"राहू द्या. दंडक आजपासून बंद! सगुणा, माग काय हवं ते."

"घाटावरचा दगड कायमचा माझ्या नावचा करा. अन् विसोबास्नी परत आणा, म्हाराज. अर्ज लिहावा त्यांनीच. मीठ मागायला मी हाय की!"

"राइट-ओ!" महाराज गरजले. दगड आणि सबंध घाट सगुणेच्या नावचा झाला, वर भरजरी शेला मिळाला. आणि विसोबांना आणायला त्याच दिवशी नाव सुटली.