ठसका लागू नये म्हणून

यजमान गेल्यापासून सांगलीच्या प्रमिलाताई आष्टेकरांना जेवण म्हणजे शिक्षाच वाटायची. त्यांना सांभाळायला येणारी रुक्साना मायाळू होती, पण तिच्या कंपनीचे नियम भारी कडक. म्हाताऱ्या माणसाला जेवताना ठसका लागू नये म्हणून समोर उभं राहून लक्ष ठेवायचं. त्या घरचं काही खायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. मग ताई मान खाली घालून दोन घास ढकलायच्या आणि ताट बाजूला सारायच्या.

एके दिवशी कंपनीचे राजोपाध्ये साहेब पाहणीला आले. ताईंनी गाऱ्हाणं मांडलं, तसे ते हसले. "आजी, हे सुरक्षेचे नियम आहेत. ते भावनेवर चालत नाहीत."

"खरंय," म्हणत ताईंनी त्यांच्यापुढे गरम पोह्यांची बशी ठेवली. मग रुक्सानाशेजारी जाऊन त्याही उभ्या राहिल्या आणि साहेबांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागल्या.

साहेबांनी एक घास घेतला. दुसरा तोंडातच घोळत राहिला. तिसऱ्याला त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, असं काय बघता? बसा ना! तुम्हीही घ्या थोडे!"

"नको साहेब, नियम आहे," ताई म्हणाल्या. "तुम्हाला ठसका लागू नये म्हणूनच तर उभ्या आहोत."

साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी मुकाट्याने शेजारची खुर्ची रुक्सानासाठी ओढली.

ताई आतून आणखी दोन बशा घेऊन आल्या. त्या त्यांनी आधीच भरून झाकून ठेवल्या होत्या.