शंभर दिवस राहिलेल्या वाट्या

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला आपल्याच प्रजेचे भय वाटू लागले होते. धान्यावरचा कर वाढला तेव्हा लोक चौकात जमले. राजाने घाबरून मांत्रिकाला बोलावले. मांत्रिकाने बुरुजावर काचेचा डोळा बसवला नि दवंडी पिटवली, की दुपारची घंटा झाल्यावर जो घराबाहेर पाऊल टाकील, त्याचा दगड होईल.

तुळजाक्का कासारणीचा नवरा भिवबा याने घंटेला जुमानले नाही. तो एकटाच चौकात गेला आणि दगड झाला. तुळजाक्का रोज सकाळी ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुशी आणि घंटेच्या आत घरी परते.

एके सकाळी भिवबाच्या खांद्यावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "उद्या शंभरावा दिवस. सूर्य मावळला की हा कायमचा दगड."

"उपाय सांग, बाई."

"डोळ्याला एका वेळी एकच माणूस दिसतो. कुंभार, विणकर आणि शिपाई, या तीन गल्ल्या एकदम बाहेर काढ."

तुळजाक्का तिन्ही गल्ल्या फिरली. कुंभार म्हणाला, "अक्का, भिवबाचे काय झाले ते रोज बघतोच आहे." विणकरांनी दारे लावली. शिपाईण म्हणाली, "माझा नवराच बुरुजाखालच्या चौकीत पहाऱ्याला आहे हो!"

तुळजाक्का हिरमुसून घरी आली, तो फळीवर तिला शिपाईणीची वाटी दिसली. विरजणाची वाटी. त्या नगरात शेजारची वाटी रिकामी परत करीत नसत, आणि परत करीत ती दुपारीच, चूल आवरल्यावर. इतक्या दिवसांत एकही वाटी घरी गेली नव्हती.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा तिन्ही गल्ल्या फिरली. डोळ्याचे नाव काढले नाही. एवढेच विचारले, "घरात कुणाची वाटी राहिलीय का?"

"अगंबाई, विणकरणीच्या दोन आहेत!" कुंभारीण म्हणाली. "शंभर दिवस! काय म्हणत असेल ती मला?"

दुपारची घंटा झाली. तुळजाक्काने वाटीत लापशी घातली आणि उंबरठा ओलांडला. डोळा वळला. तिची पावले घोट्यापर्यंत दगड झाली. ती तशीच उभी राहिली.

तोच कुंभारणीचे दार वाजले. डोळा तिकडे वळला, आणि तुळजाक्काचे पाऊल सुटले. मग विणकर निघाले, मग शिपायांच्या बायका, आणि चौकीतले शिपाईही आपापल्या घरी राहिलेल्या वाट्या पोचवायला निघाले. डोळा इकडे फिरला, तिकडे फिरला, गरगरला आणि खळकन फुटला.

राजवाड्याच्या जिन्यावरून राजा खाली आला. हातात झाकलेली वाटी होती.

"दाईची आहे," तो खालमानेने म्हणाला. "फार दिवस राहिली."

त्याने तिथेच घंटेचा हुकूम मागे घेतला, करही उतरवला. मांत्रिकाची वाटी नगरात कुणाकडेच नव्हती. तो निघाला, तेव्हा त्याला कुणी थांब म्हटले नाही.

तुळजाक्का वाटी घेऊन चौकात आली, तोच भिवबाने मान हलवली. "काय गं, वाटीत काय आहे?"

"लापशी. पण शिपाईणबाईंची."

"शंभर दिवस उपाशी उभा आहे मी!"

"मग घरी चला. तुमची पातेल्यात ठेवलीय."

त्या राज्यात दुपारची घंटा अजून होते. ती झाली की दारे उघडतात.