सहा पोती आणि महाराजांचे हात

भाविकहो, त्या काळी वेळूनाथ महाराजांचा मुक्काम चुनेवाडीला होता. गावाबाहेर वेळूच्या बेटात त्यांची झोपडी, आणि ओढा ओलांडला की चुन्याच्या भट्ट्या. तिथला हमाल सटवाजी रोज महाराजांच्या पाया पडूनच कामावर जाई.

एकदा महाराज त्याला म्हणाले, "सटवाजी, ओझं हेही देवाचंच रूप. आधी त्याच्यापुढं उकिडवा बस, हात जोड, मग छातीशी धरून ऊठ. आणि कळीच्या चुन्याजवळ ओलं काही नेऊ नकोस. पाणी लागलं की ती कळी पेटून उठते."

सटवाजीने ते शब्द मनात धरून ठेवले. उन्हात बाकीचे हमाल गोणपाटाची खोळ रांजणात बुडवून डोक्यावर घेत. हा कोरडीच घेई. प्रत्येक पोत्यापुढे बसे, हात जोडी आणि मगच उठे. मुकादम रंगरावाला ही आयतीच करमणूक!

"आरं सटव्या, पोत्याला नारळ बी फोड की!" तो म्हणे, आणि सगळे खो खो हसत. सटवाजीला फार लागे ते. पण गुरूचा शब्द कसा मोडायचा?

एके दुपारी पोत्यांच्या छपरीबाहेर गाड्या खोळंबल्या होत्या. रंगराव कडाडला, "आता हात जोडलंस तर उद्यापासनं भट्टीवर पाय ठिवू नगंस! बघ, पोतं आसं उचलत्यात!" त्याने ओली खोळ डोक्यावर ओढली, कमरेतून वाकला आणि थप्पीच्या मधलंच पोतं हिसडलं. कमरेत उसण भरून तो कोसळला, वरची थप्पी त्याच्या पायांवर आली आणि धक्क्याने रांजण लवंडला. खोळ पडली तिथे पोत्यांतून सांडलेला चुना चर्रर्र करू लागला. रांजणाचं पाणी हळूहळू तिकडेच निघालं. हमाल बाहेर पळाले.

"सटवा, मला काढ रं!" रंगराव ओरडला.

सटवाजीने आधी ती ओली खोळ काठीने दूर भिरकावली. मग तो पोत्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने हात जोडले. "आरं येड्या, आता तरी पाया पडू नगंस!" दारातून ओरडा झाला. सटवाजीने महाराजांना हाक मारली, पोतं छातीशी धरलं आणि उठला.

काय सांगू, ते पोतं कापसासारखं हलकं झालं होतं! आपल्या हातांशेजारी आणखी दोन सुरकुतलेले हात त्याला स्पष्ट जाणवत होते. एकामागून एक सहा पोती निघाली. रंगरावाला बाहेर ओढलं आणि पाणी चुन्याला भिडलं. वाफेने सारी छपरी भरून गेली. सटवाजीने त्याचं अंग कोरड्या फडक्याने झाडलं आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात त्याला कितीतरी वेळ बसवलं.

दिवस कलताना दोघे झोपडीवर आले. महाराजांचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झाले होते, तळव्यांवर फोड होते! त्यांच्यासाठी भाकरी आणणारी गोजाई गोंधळून म्हणाली, "दिसभर हितंच हायती वो. दुपारी निस्तं हात जोडून बसले नि उठले, सहा येळा. मला कायबी उमगंना."

रंगरावाने हंबरडा फोडला आणि महाराजांचे पाय धरले. महाराज हसून म्हणाले, "बाबा, उद्या पोत्यापुढं बस म्हणजे झालं."

कंबर धरली होती, तरी दुसऱ्या सकाळी रंगराव भट्टीवर आला. डोक्यावर कोरडी खोळ होती. सगळ्या हमालांदेखत तो कण्हत पहिल्या पोत्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने मस्तक लववलं. मग सटवाजीकडे वळून म्हणाला, "दादा, माझं बसणं बराबर हाय का, तेवढं बघ."