पानं फुटणारा खांब

खांबेवाडीत कुणाकडेही गेलात तर आधी डोकं सांभाळा. इथे माजघरात मधला खांब म्हणून जितं फणसाचं झाड उभं असतं, आणि हंगामात ऐन कपाळाच्या उंचीवर फणस लोंबतात. शहरातून घरं सजवणारे पाहुणे येतात, आ वासून वर बघत फिरतात, टेंगूळ घेऊन जातात. आधी कुणी सांगत नाही. टेंगूळ आल्याशिवाय गोष्ट डोक्यात शिरत नाही.

असे सांगतात, पूर्वी इथे धाकू मेस्त नावाचा सुतार होता. त्याची बायको आवडी तापाने इतकी झिजली, की वैद्याने औषधांची पुरचुंडी आवरली आणि वहाणा घातल्या. अंधाऱ्या खोपटात ती भिंतीकडे तोंड करून पडे, घास घेईना. अंगणातल्या फणसाखाली बाज टाकली, की तेवढी नजर हले. पण पाऊस तोंडावर आलेला. धाकूला नवं घर उभारायचं होतं, आणि मधल्या खांबासाठी हाच फणस हेरलेला. तसाही वांझ, एक फळ कधी दिलं नव्हतं.

धाकूने कुऱ्हाड उचलली. आवडी म्हणाली, "घर खुशाल बांधा. मला तेवढं बाहेरच ठेवा."

हात वरच राहिला म्हणे. कुऱ्हाड त्याने विहिरीत टाकली. "जित्या झाडाला पुन्हा लोखंड लावीन तर मेस्त नव्हे!" आणि झाडाभोवती भिंती घातल्या, बुंध्याला धरून गवताचं छप्पर चढवलं.

वाडी पोट धरून हसली. शेजारचा भिवा आजा तर रोज यायचा. "धाकू, बायको केलीस की वानरी रे?"

पावसाळाभर पाणी बुंध्यावरून घरात उतरे. धाकू चर खणून ते बाहेर काढी. आवडी सालीवर तळवा ठेवून ऐकत पडे. मरेना, उठेना.

शिमग्याला तिच्या उशाशी, अगदी मुळातून, बोटाएवढं फळ फुटलं. वैशाखात एका सकाळी घरभर वास सुटला. भिवा आजा दारातच थबकला. धाकू भीतभीत वाकला.

"आवडे, वास आला का?"

तिने भिंतीकडचं तोंड वळवलं. "आला. भूक लागलीय."

आजही खांबेवाडीत आजाऱ्याचं अंथरूण बुंध्याशीच घालतात. बरं वाटतं का, असं कुणी विचारत नाही, विचारतात, "वास आला का?" झाडावर फणस असो नसो, आजारी माणूस "आला" म्हणाला, की घरातलं कुणीतरी चूल पेटवायला उठतं.