बैलाच्या गळ्यातला बिल्ला

एका गावात एक थोरला पंच होता. गाव त्याचं ऐकायचं, राजधानी ऐकायची नाही. म्हणून तो निम्माच सुखी होता.

त्या गावात दरवर्षी पाटकरी निवडत. पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, ते पाटकरी ठरवी. चावडीत प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा माठ ठेवत. पंच दारात उभा राहून एकेकाला नावाने हाक मारी, आणि ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या माठात चिंचोका टाकावा, अशी पद्धत.

एके वर्षी राजधानीहून हुकूम आला : 'गळ्यात राजमुद्रेचा बिल्ला असेल त्यालाच आत सोडावे.' पंचायतीने ठराव धाडला, 'आमच्याकडे भिंतीपलीकडे कुणी शिंकलं तरी कोण ते कळतं. बिल्ला नको.' उत्तर आलं, 'ठराव पोचला. पंचांच्या सहीच्या गावयादीप्रमाणे बिल्ले सोबत पाठवले आहेत.'

बिल्ले तांब्याचे, वर भोक पाडलेले, आणि आले नेमके पोळ्याच्या तोंडावर. पोळ्याला बैलाच्या गळ्यात तांब्याची चकती बांधायची ही त्या गावची रीत. राजाला यंदा आपले बैल आठवले, म्हणून गाव हरखलं. पंचाने दवंडी पिटेपर्यंत बिल्ले बैलांच्या गळ्यात होते आणि बैल डोंगरावर चरायला गेले होते. पाटाच्या तोंडाशी राहणारा ऊसवाला मात्र स्वतःच उमेदवार होता. त्याच्या माणसांचे बिल्ले बरोबर माणसांच्याच गळ्यात होते.

दुसऱ्याच दिवशी निवड होती. राजधानीचा अंमलदार चावडीच्या दारात बसला. सूर्य मावळायच्या आत निवड करून द्यायची जबाबदारी त्याची होती. ऊसवाल्याची माणसं आत जाऊन आली. बाकी गाव बाहेर उभं.

तेवढ्यात पाटाच्या टोकाच्या मळ्यावरची म्हातारी आपला बैल डोंगरावरून ओढत घेऊन आली. ऊसवाला निवडून आला, तर तिच्या वांग्यांना थेंब मिळणार नव्हता.

"हा घे बाबा बिल्ला," ती म्हणाली. "गाठ सुटत नाही. दोरी काप."

"दोरी कापली की बिल्ला रद्द," अंमलदार म्हणाला.

पंच म्हणाला, "सरकार, माझ्या बारशाला पाळण्याची दोरी हिनेच ओढली. मी ओळखतो हिला."

"तुमची ओळख चालत नाही."

"मग 'बिल्ला हिला द्या' हे राजधानीला कुणी कळवलं?"

"तुम्हीच. तुमच्या सहीच्या यादीने."

"तेव्हा माझी ओळख चालली?"

"तेव्हा चालली. आता नियमाबाहेर कुणाला सोडलंत, तर पंचपद गेलं म्हणून समजा."

पंचाने कपाळाला हात लावला. मग म्हातारीकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाला, "नियमाबाहेर काही नको. गळ्यात बिल्ला कुणाच्या आहे?"

"बैलाच्या," अंमलदार प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग त्याला अडवणारा मी कोण?" म्हणत पंचाने म्हातारीच्या हातातला कासरा सोडवला.

बैल डोंगरावरून तहानलेला आला होता. माठ दिसताच तो पाण्याच्या आशेने आत घुसला. आत नुसते चिंचोके, म्हणून चिडून त्याने शिंगं चालवली. माठांची खापरं झाली.

सूर्य कलला होता. अंमलदाराने खापरांकडे पाहिलं, मग नियमांच्या पोथीकडे. बैलाबद्दल तीत अवाक्षर नव्हतं.

"नवे माठ मांडा," तो हळूच म्हणाला. "बिल्ले बघत बसलो तर आणखी बैल येतील आणि सूर्य मावळेल. पंच, दारात तुम्हीच उभे राहा."

पंचाने पहिली हाक म्हातारीला मारली. त्या वर्षी टोकाच्या मळ्यात वांगी लगडली.

तात्पर्य : माणसाला सोडून त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यालाच ओळखणाऱ्याने दारात बैल आला, तर तक्रार करू नये.