पिंडापाशी सभापती

“माणूस मारायचा आणि वर त्याच्या दहाव्याला रडायचंही! लाज नाही वाटत?” बेड्या घातलेला घरफोड्या सदू घाटावर सभापतींवर ओरडला. चोरलेल्या फरसाणातला पहिला घास तो रोज शीळ वाजवून इथल्याच कावळ्यांना घाली. सभापतींच्या काकांचा खून त्याने केला नव्हता, पण सभापतींच्या शब्दावर पोलिसांनी त्यालाच धरलं होतं.

काकांच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा खुनी सापडल्याचं काकांना दाखवायला पुतण्याने, म्हणजे सभापतींनीच, सदूला इथे आणवलं. तरी कावळे ढिम्म.

“काका, या पुतण्याला फासावर चढवतो, या!” म्हणत सदूने हळूच रोजची शीळ घातली. कावळे पिंडावर तुटून पडले.

सभापतींनी पिंडापुढे लोटांगण घातलं. “काका, चुकलो! तोंडावर उशी दाबायला नको होती!”

इन्स्पेक्टर सदूवर गुरकावले, “कावळ्याची साक्ष कोर्टात चालत नाही.”

“कावळ्याची कशाला, साहेब? पुतण्याची घ्या की!”

सभापतींना जीपमध्ये घालताना गुरुजी मागून धावले. “साहेब, तेराव्याला यजमान तेवढे परत पाठवा हो!”